हुद्दा आणि मर्जी : एका कल्पित सम्राटाच्या मानकऱ्यांविषयीं

मधल्या सुटींत शाळेच्या ओसरीवर उभें राहिलें म्हणजे मुलांचे नाना तऱ्हेचे वाद कानांवर येतात. कोणता फलंदाज श्रेष्ठ, कोणता विषय कठीण, कोणत्या शिक्षकांचा मार अधिक, असे ते वाद असतात. आणि घंटा झाली कीं बहुधा ते आपोआप मिटतात. परंतु एक वाद असा आहे कीं, तो एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जातो, मोठीं मुलें शाळा सोडून गेलीं तरी धाकटीं मुलें तो पुढें चालवितात, आणि त्याचा निकाल मात्र लागत नाहीं. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेंतील अंतराळ-साम्राज्यांत सम्राटाच्या खालोखाल मोठा कोण? काळ्या शिरस्त्राणाचा डार्थ व्हेडर, कीं करड्या गणवेशांतला टार्किन?

वरवर पाहतां हा प्रश्न पोरकट वाटेल. जें राज्य कधीं झालेंच नाहीं, त्याच्या सरदारांची पायरी ठरवून काय साधावयाचें, असें पालकवर्गापैकीं कोणी म्हणेल तर त्यांत नवल नाहीं. पण कल्पित राज्याचा एक मोठा गुण असतो. तेथें आपला कोणी सगासोयरा नसतो, आपला पक्ष नसतो, आपली भाकरी कोणाच्या हातीं अडकलेली नसते. म्हणून सत्ता कशी चालते हें तेथें निर्विकार मनानें पाहतां येतें. मुलांच्या त्या वादाचा निकाल लावतां लावतां, हुद्दा आणि सत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत, व त्या एकमेकींपासून तुटल्या म्हणजे राज्याचें काय होतें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ज्यांनीं हे चित्रपट पाहिलेले नाहींत त्यांच्याकरितां प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज लूकस यांना मूळ ‘फ्लॅश गॉर्डन’ या १९३४ सालीं सुरू झालेल्या चित्रकथेवर चित्रपट काढावयाचा होता. त्या कथेंत मिंग नांवाचा एक निर्दय अंतराळ-सम्राट आहे. तिचे हक्क न मिळाल्यामुळें लूकस यांनीं स्वतःचीच कथा रचली, आणि १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ हा पहिला चित्रपट लोकांपुढें आला. त्यानंतर १९८० व १९८३ सालीं त्याचे पुढचे भाग, आणि १९९९ पासून २००५ पर्यंत त्याच्या पूर्वीची हकीकत सांगणारे तीन भाग निघाले. कथानक थोडक्यांत असें आहे : असंख्य ग्रहांचें एक पुरातन लोकराज्य असतें. त्याचा प्रमुख पॅल्पटीन हा युद्धाचें निमित्त करून एक एक अधिकार आपल्या हातीं घेतो, आणि अखेर भर सभेंत, सभासदांच्या टाळ्यांच्या गजरांत, स्वतःस सम्राट म्हणून जाहीर करतो. कथेंतील कालगणनेप्रमाणें हें साम्राज्य अवघीं २३ वर्षें टिकतें. त्यांपैकीं पहिलीं १९ वर्षें जुनी सभा नांवाला जिवंत असते. पुढें तीहि उरत नाहीं.

आतां या साम्राज्याची उतरंड कागदावर कशी दिसते तें पाहूं. शिखरावर सम्राट. त्याच्या खालीं मुलकी कारभाराचा मुख्य वजीर मास अमेडा. हा जुन्या सभेचा उपाध्यक्ष होता. मुलुखाचे विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागावर एक ‘मॉफ’ नेमलेला आहे. आपल्या जुन्या भाषेंत त्याला सुभेदार म्हणतां येईल. असे अनेक विभाग एकत्र करून त्यांवर ‘ग्रँड मॉफ’, म्हणजे सरसुभेदार. टार्किन हा यांपैकीं पहिला. आरमारांत कप्तान, अ‍ॅडमिरल आणि अगदीं मोजके ग्रँड अ‍ॅडमिरल, पायदळांत जनरल, शिवाय हेरांचें खातें, शस्त्रें निर्माण करणारें खातें व त्यांचे संचालक. सम्राटाच्या दाराशीं तांबड्या झग्यांतले मुके पहारेकरी उभे असतात. ही मांडणी पाहिली तर कोणालाहि वाटेल कीं, येथें प्रत्येकाची पायरी ठरलेली असून प्रत्येकाचें काम नेमलेलें आहे.

परंतु या सबंध उतरंडींत डार्थ व्हेडर कोठें बसतो? तो मॉफ नाहीं, अ‍ॅडमिरल नाहीं, जनरल नाहीं, वजीरहि नाहीं. लोक त्याला ‘लॉर्ड व्हेडर’ म्हणतात, त्याच्यापुढें उभे राहतांना त्यांना घाम फुटतो. पण त्याचा लष्करी हुद्दा काय, हें चित्रपटांत कोणी सांगत नाहीं. तो सम्राटाचा शिष्य आहे, एवढीच त्याची सनद. मुलांचा वाद मिटत नाहीं याचें मूळ येथें आहे. टार्किनला जागा आहे. व्हेडरला जवळीक आहे. आणि या दोहोंना मोजण्याचें माप एक नाहीं.

पहिल्याच चित्रपटांत खलबताचा एक प्रसंग आहे. ‘डेथ स्टार’ म्हणजे लहानशा चंद्राएवढा, अखंड ग्रह फोडून टाकण्याचें सामर्थ्य असलेला यांत्रिक किल्ला. त्याच्या एका दालनांत मेजाभोंवतीं सरदार बसले आहेत. किल्ल्याचे नकाशे बंडखोरांच्या हातीं पडल्यामुळें जनरल टॅग चिंतेंत आहे; अ‍ॅडमिरल मॉट्टी त्या चिंतेला हंसतो आहे. इतक्यांत टार्किन व्हेडरसह आंत येऊन वर्तमान सांगतो कीं, सम्राटानें जुनी सभा कायमची बरखास्त केली. टॅग विचारतो, कारभारी मंडळीच नाहींत तर एवढ्या मुलुखावर सम्राट ताबा कसा ठेवणार? टार्किनचें उत्तर असें कीं, प्रांतांचे सुभेदार आतां आपापल्या मुलुखाचे थेट धनी आहेत, आणि या किल्ल्याची धास्ती लोकांना वठणीवर ठेवील. पुढें मॉट्टी किल्ल्याची बढाई मारूं लागतो. व्हेडर त्याला बजावतो कीं, ‘फोर्स’ नांवाची जी विश्वव्यापी शक्ति आहे तिच्यापुढें ग्रह फोडण्याचें बळ कःपदार्थ होय. मॉट्टी त्याच्या या श्रद्धेची टर उडवितो. तेव्हां व्हेडर अंगाला स्पर्शहि न करतां, नुसत्या बोटांच्या खुणेनें त्याचा गळा आवळतो. टार्किन त्याला सोडावयास सांगतो, आणि व्हेडर निमूटपणें सोडतो.

या लहानशा प्रसंगांत त्या राज्याची सारी घडण दिसून येते. मॉट्टीचा हुद्दा मोठा होता. पण तो हुद्दा त्याचा गळा वांचवूं शकला नाहीं. व्हेडरपाशीं हुद्दा नव्हता. तरी सर्वांच्या देखत एका अ‍ॅडमिरलला गुदमरविण्याची त्याला मुभा होती. मेजाभोंवतीं बसलेल्यांपैकीं एकहि उठला नाहीं. मॉट्टीची सुटका झाली ती कायद्यानें नव्हे, न्यायसभेनें नव्हे, तर टार्किनच्या एका शब्दानें. आणि तो शब्द व्हेडरनें मानला, कारण त्या दिवशीं त्या किल्ल्यावर सम्राटानें टार्किनला वर आणि व्हेडरला त्याच्या शेजारीं ठेवलें होतें. तेव्हां १९७७ चा चित्रपट पाहून कोणी ‘टार्किन मोठा’ म्हणेल, तर त्याचें म्हणणें खोटें नाहीं. बंदिवान राजकन्या लेया हीसुद्धां व्हेडर हा टार्किनच्या ताब्यांतला समजून टोमणा मारते.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चित्रपट निघण्यापूर्वीं, १९७६ सालीं, त्याची कादंबरी लूकस यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली; ती प्रत्यक्षांत अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनीं लिहिली होती. तिच्या प्रस्तावनेंत सम्राटाचें जें वर्णन आहे तें अगदीं निराळें आहे. तेथें तो लोकांपासून दूर जाऊन महालांत कोंडून घेतो, आणि ज्या खुषमस्कऱ्यांना त्यानेंच उच्च पदांवर बसविलें, तेच हळूहळू त्याच्यावर ताबा मिळवितात. म्हणजे त्या पहिल्या कल्पनेंत सम्राट बाहुलें होता आणि सूत्रें मानकऱ्यांच्या हातीं होतीं. पुढच्या चित्रपटांत ही कल्पना उलटली : मानकरी बाहुलीं झालीं आणि सूत्रें सम्राटाच्या हातीं गेलीं. दुबळ्या राजाचा दरबार आणि अति बलाढ्य राजाचा दरबार, हे जणूं एकाच नाण्याचे दोन छाप होत. दोहोंतहि पदाला स्वतःचें वजन उरत नाहीं.

टार्किन त्याच चित्रपटाच्या शेवटीं मरतो, आणि त्याचें मरणहि बोध घेण्यासारखें आहे. बंडखोरांची लहान लहान विमानें किल्ल्यावर तुटून पडलीं असतां एक हाताखालचा अंमलदार येऊन त्याला सांगतो कीं, आम्हीं या हल्ल्याची छाननी केली आहे, धोका खरा आहे, आपलें यान तयार ठेवावें काय? विजयाच्या क्षणीं पळून जावयाचें, या कल्पनेनेंच टार्किनचा अभिमान दुखावतो. तो जागचा हालत नाहीं, आणि थोड्याच वेळांत किल्ल्यासह त्याची राख होते. त्या अंमलदाराचा हुद्दा क्षुल्लक होता. पण त्या घटकेला सत्य त्याच्याच पदरीं होतें. तें वरच्या पायरीपर्यंत चढलें, पण आंत शिरूं शकलें नाहीं.

१९८० च्या चित्रपटांत पट पालटलेला दिसतो. आतां सबंध आरमाराचा तांडा व्हेडरच्या हुकुमाखालीं आहे. अ‍ॅडमिरल ऑझेल हा बंडखोरांच्या ग्रहमालेच्या फार जवळ येऊन थांबतो, आणि त्यामुळें शत्रु सावध होतो. व्हेडर दुसऱ्या दालनांत बसून, समोरच्या पडद्यावर ऑझेलची मूर्ति दिसत असतांना, त्याचा गळा आवळतो. आणि ऑझेल तडफडत असतांच शेजारीं उभ्या असलेल्या कप्तान पीएट याला अ‍ॅडमिरल नेमतो. पीएटची बढती आणि त्याच्या वरिष्ठाचें मरण हीं एकाच दमांत घडतात. तो आनंद करूं शकत नाहीं, शोकहि करूं शकत नाहीं. पुढें कप्तान नीडा याच्या हातून एक यान निसटतें. तो सरळ मनानें अपराध कबूल करावयास व्हेडरपुढें जातो आणि तेथेंच प्राणास मुकतो.

येथें एक गोष्ट व्हेडरच्या बाजूनें सांगितली पाहिजे. बंडखोरांचा ठावठिकाणा दाखविणारें चित्र प्रथम पीएटनेंच पुढें आणलें होतें. ऑझेलनें तें उडवून लावलें, आणि व्हेडरनें मात्र त्या कनिष्ठ अंमलदाराचें म्हणणें ग्राह्य धरलें. म्हणजे व्हेडरला गुणाची पारख नव्हती असें नाहीं. पण ज्या दरबारांत चुकीची शिक्षा मृत्यु आणि कबुलीची शिक्षाहि मृत्यु, तेथें दुसऱ्या दिवसापासून कोण कशाची कबुली देईल? नीडाच्या मरणानें आरमाराची शिस्त वाढली नाहीं. फक्त यापुढें चूक झांकावी कशी, एवढें मात्र सर्वजण शिकले असतील.

याच्या अगदीं उलट उदाहरण याच मालेंतील कादंबऱ्यांत सांपडतें. टिमथी झान या लेखकानें १९९१ सालीं थ्रॉन नांवाचा ग्रँड अ‍ॅडमिरल निर्माण केला. साम्राज्यांत मानवेतरांना सहसा वर चढूं देत नसत. परंतु निळ्या कातडीचा व लाल डोळ्यांचा हा परका सेनानी केवळ बुद्धीच्या बळावर त्या पदाला पोंचतो. शत्रूच्या चित्रकलेचा व शिल्पाचा अभ्यास करून तो त्याच्या मनाचा ठाव घेतो. पहिल्या कादंबरींत एक हाताखालचा माणूस आपली चूक दुसऱ्यावर ढकलतो; थ्रॉन त्याला ठार करवितो. पण १९९३ च्या कादंबरींत तसेंच अपयश आलेला दुसरा एक तरुण, आपण कोणती नवी युक्ति करून पाहिली तें सांगतो. थ्रॉन त्याची युक्ति ऐकून घेतो आणि त्याला बढती देतो. थ्रॉनहि कठोरच होता. परंतु त्याच्या हाताखालच्यांना निदान एवढें ठाऊक होतें कीं, प्रामाणिक प्रयत्न फसला तर तो गुन्हा ठरत नाहीं. म्हणून त्याचे लोक विचार करूं धजत. तरीहि हें सारें त्याच्या एका व्यक्तीवर टांगलेलें होतें. आपल्याच शरीररक्षकाच्या हातून तो मरतो, त्याच घटकेला हातांत आलेली लढाई सोडून त्याच्या आरमाराला मागें फिरावें लागतें.

कर्तबगारीला मान मिळेल अशी आशा धरणाऱ्यांचें काय होतें, हें २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटांत दिसतें. डेथ स्टार बांधणारा संचालक ऑर्सन क्रेनिक याला वाटतें कीं, किल्ला मीं उभारला, तेव्हां त्याचें श्रेयहि माझेंच. शस्त्राची पहिली चांचणी यशस्वी होतांच टार्किन तें श्रेय आणि किल्ल्याचा ताबा दोन्ही आपल्याकडे घेतो. पुढें क्रेनिक व्हेडरपाशीं दाद मागतो. व्हेडर त्याचें गाऱ्हाणें सम्राटापर्यंत नेण्याचें वचन देत नाहीं. उलट त्याच्या महत्त्वाकांक्षेबद्दल त्याचाच गळा क्षणभर आवळून त्याला परत पाठवितो. शेवटीं टार्किन ज्या ठाण्यावर तो किल्ला रोखतो, त्या ठाण्यावर क्रेनिक जखमी होऊन पडलेला असतो. आपणच घडविलेल्या शस्त्रानें तो भस्म होतो. हुद्दा, श्रम, यश, हीं तिन्ही त्याच्यापाशीं होतीं. दाद मागावयाची जागा मात्र नव्हती. ज्या राज्यांत गाऱ्हाणें ऐकण्याचा नेमलेला मार्ग नसतो, तेथें प्रत्येक गाऱ्हाणें हें बंडच समजलें जातें.

मग निदान सम्राटाचा शिष्य तरी निर्धास्त असेल, असें कोणास वाटेल. पण तसेंहि नाहीं. पॅल्पटीन हा ‘सिथ’ नांवाच्या पंथाचा गुरु असून त्या पंथाचा नियम असा कीं, एका वेळीं दोघेच असावयाचे : एक गुरु आणि एक शिष्य. पॅल्पटीनचा पहिला शिष्य मॉल १९९९ च्या चित्रपटांत पडतो. त्याच्या जागीं काउंट डूकू येतो. २००५ च्या चित्रपटांत डूकू जखमी होऊन गुढघ्यांवर आलेला असतां, खुद्द पॅल्पटीन तरुण अ‍ॅनाकिन स्कायवॉकर याला त्याचा शिरच्छेद करण्यास फूस देतो. डूकूच्या चेहऱ्यावर त्या क्षणीं जो धक्का दिसतो, तो मर्जीवर विसंबलेल्या प्रत्येक मानकऱ्याचा धक्का आहे. तोच अ‍ॅनाकिन पुढें व्हेडर होतो. आणि १९८३ च्या चित्रपटांत सम्राट व्हेडरच्या मुलाला, ल्यूकला, सांगतो कीं, बापाला मार आणि त्याची जागा घे. जी शिडी चढून व्हेडर वर आला, तीच शिडी आतां त्याच्या उरावर ठेवली जाते. व्हेडरहि कांहीं निष्ठेचा पुतळा नव्हता. आपण दोघे मिळून सम्राटाला उलथून टाकूं, असें त्यानें मुलाला पूर्वींच सुचविलें होतें.

सम्राट असें कां करतो, हें आतां सहज समजण्यासारखें आहे. व्हेडरला आरमार दिलें, पण हुद्दा दिला नाहीं. टार्किनला हुद्दा दिला, पण व्हेडरला त्याच्या शेजारीं उभें केलें. क्रेनिकला काम दिलें, पण श्रेय दुसऱ्याला घेऊं दिलें. प्रत्येकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दींत घुसलेली राहिली म्हणजे ते आपसांत झुंजतात, एकमेकांवर पाळत ठेवतात, आणि प्रत्येक तंट्याच्या निकालाकरितां सिंहासनाकडे धांव घेतात. दोघेहि एकत्र होऊन सिंहासनाकडे वांकडी नजर करीत नाहींत. सम्राटाच्या दृष्टीनें ही अंदाधुंदी नव्हे. हाच त्याचा बंदोबस्त आहे.

ही केवळ कवीची कल्पना आहे असें समजूं नये. साम्राज्याच्या सैनिकांना दिलेलें ‘स्टॉर्मट्रूपर’ हें नांव पहिल्या महायुद्धांतील जर्मन पथकांवरून आलेलें आहे, आणि अंमलदारांचे गणवेशहि जर्मन धर्तीचे आहेत. १९३३ ते १९४५ या काळांतील हिटलरच्या राजवटींत हाच प्रकार प्रत्यक्ष घडला. एकाच कामावर दोन दोन, तीन तीन खातीं नेमलेलीं असत. हेर्मान गोरिंग याला १९४१ च्या हुकुमानें हिटलरचा वारस ठरविलें होतें. त्याच्या पदव्यांना तोटा नव्हता. मार्टिन बोरमान हा १९४३ पासून हिटलरचा चिटणीस. पण हिटलरला कोणीं भेटावें आणि कोणता कागद त्याच्यापुढें जावा, हें बरेंचसें त्याच्या हातीं असे. एप्रिल १९४५ मध्यें बर्लिनला वेढा पडत असतां गोरिंगनें तारेनें विचारलें कीं, त्या हुकुमाप्रमाणें आतां कारभार मीं हातीं घ्यावा काय? बोरमाननें ही तार म्हणजे राजद्रोह होय, असें हिटलरच्या मनांत भरविलें. एका दिवसांत गोरिंगचीं सारीं पदें गेलीं, आणि वारसा गेला अ‍ॅडमिरल डोनित्स याच्याकडे. लेखी हुकूम एकीकडे राहिला. दाराशीं बसलेला मनुष्य जिंकला.

आतां कल्पित साम्राज्याचा शेवट पाहूं. १९८३ च्या चित्रपटांत दुसरा डेथ स्टार बांधला जात आहे. तेथील मॉफ जरजेरॉड व्हेडरला सांगतो कीं, माणसें शक्य तितक्या वेगानें काम करीत आहेत. खुद्द सम्राट येणार हें ऐकतांच तोच गृहस्थ दुप्पट वेगानें काम करण्याचें वचन देतो. खरें काय होतें तें त्यानें प्रथमच सांगितलें होतें. पण भीतीपुढें तें त्यानें गिळून टाकलें. ऐन लढाईंत अ‍ॅडमिरल पीएट मोठें आरमार घेऊन स्वस्थ उभा राहतो, कारण हल्ला करूं नये असा सम्राटाचा हुकूम असतो. आणि शेवटीं सम्राटाला मारतो कोण? बंडखोर नव्हेत, रुसलेला सुभेदार नव्हे. जो सर्वांत जवळ होता तो व्हेडरच, पोटच्या पोराच्या किंकाळ्या न साहवून, त्याला उचलून खोल विवरांत फेंकून देतो. भीतीनें बांधलेला मनुष्य भीतीपेक्षां मोठें कांहीं सांपडतांच मोकळा झाला.

त्यानंतर काय झालें तें २०१५ पासून निघालेल्या चित्रकथा, कादंबऱ्या व खेळ यांत सांगितलें आहे. सम्राटानें वारस नेमला नव्हता. उलट, आपण मेल्यावर साम्राज्यहि जगूं नये अशी योजना त्यानें करून ठेवली होती, आणि तिच्याप्रमाणें साम्राज्याचेंच आरमार साम्राज्याच्याच ग्रहांवर संहार करूं लागलें. मुख्य वजीर मास अमेडा कागदावर सर्वांहून वर उरला होता. त्याच्या वांट्याला काय आलें? शरणागतीच्या तहावर सही करणें, एवढेंच. २०१९ च्या चित्रपटांत पॅल्पटीन पुन्हां अवतरतो, हें खरें. परंतु तें जुनें साम्राज्य कांहीं त्याच्याबरोबर उठून उभें राहत नाहीं.

तेव्हां ओसरीवरच्या वादाचा निकाल असा द्यावा लागतो : १९७७ च्या चित्रपटांत टार्किन मोठा, १९८० च्या चित्रपटांत व्हेडर मोठा, आणि खरें पाहतां दोघांपैकीं एकहि मोठा नाहीं. ज्याचें मोठेपण दुसऱ्याच्या मर्जीवर उभें असतें, तें सकाळीं असतें आणि संध्याकाळीं नसतें. वादी-प्रतिवादी दोघांसहि हा निकाल कदाचित् रुचणार नाहीं. परंतु मोठा कोण, हा प्रश्न जेथें पुन्हां पुन्हां विचारावा लागतो, तेथें कामें नेमून दिलेलीं नाहींत एवढें निश्चित समजावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें कचेऱ्यांत, कारखान्यांत, इस्पितळांत, सैन्यांत जातील; कोणी हाताखालीं काम करतील, कोणी हाताखालच्यांकडून काम घेतील. नव्या जागीं पाऊल टाकाल तेव्हां तेथील पाट्या व पदव्या वाचण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहा. धन्याला वाईट बातमी सांगणारा मनुष्य तेथें दुसऱ्या दिवशीं कामावर दिसतो काय? आणि धनी चार दिवस गांवाला गेला तर काम सुरळीत चालतें काय? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर ‘होय’ असेल, तर तेथें हुद्द्याला अर्थ आहे असें खुशाल समजा. आणि एखादे दिवशीं तुम्हीं स्वतः खुर्चीवर बसलां, व हाताखालचा एखादा पोरगेला अंमलदार धापा टाकीत येऊन ‘धोका खरा आहे’ असें सांगूं लागला, तर टार्किनची आठवण करा, आणि त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्या.